डॉक्टरांसमोर बसलं की बीपी वाढतं, घरी मात्र बरोबर असतं

यावेळच्या पत्रांत एकच गोष्ट फिरून फिरून आली, दवाखान्यात बीपी जास्त निघतं आणि घरी बरोबर, मग खरं कोणतं मानायचं. म्हणून या अंकात बाकी प्रश्न बाजूला ठेवलेत, गुडघेदुखी आणि ॲसिडिटीवाल्यांचे पुढच्या वेळी घेते. नावं नेहमीसारखीच छापत नाही, तालुका तेवढा देते.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमची माय ६१ वर्षाची हाय. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, आता तं तिले तांदूळही निवडता येत नाही. दोन वेळा ऑपरेशनले नेली अन् दोन्ही वेळा बीपी जास्त निघाला म्हणून वापस पाठवली, दुसऱ्या वेळी १७६/१०० होता. शिबिराच्या ज्या गाडीतून उतरली त्याच गाडीत बसवून आणली, रस्ताभर बोलली नाही. गावात आशाताईनं घरी येऊन मोजला तं १२८/८०. माय म्हणते पट्टा बांधला का छाती धडधड करते अन् हात थंडे पडतात. आता ती दवाखान्यात यालेच तयार नाही. हा बीपी खोटा हाय का? गोळी चालू करू का?
(एक मुलगा, दर्यापूर तालुका, अमरावती)

उत्तर : दादा, खोटं बीपी असं काही नसतं. मशीनमध्ये १७६ आलं तेव्हा तुमच्या आईच्या नसांमध्ये खरंच तेवढं प्रेशर होतं, फक्त ते त्या दहा-पंधरा मिनिटांचं होतं, दिवसभराचं नव्हतं. तुरीच्या ओळीतून अचानक रानडुक्कर समोर आलं तर आपलं काय होतं ते आठवा. छाती ठोकायला लागते, हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते. शरीर ॲड्रेनलिन सोडतं, हृदय जोरात पंप करतं, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी चढतं, डुक्कर निघून गेलं की हळूहळू उतरतं. आईसाठी तो पट्टा म्हणजेच डुक्कर झालाय, आणि दोनदा परत पाठवल्यावर तर तिला परत पाठवतील याचीच जास्त भीती बसली असणार. यात तिची काही चूक नाही, हे तिला माझ्या नावानं सांगा, कारण घरचे लोक नकळत म्हणत राहतात की तू काहून घाबरतं, आणि त्या बोलण्यानं भीती कमी होत नाही, वाढते.

आमच्यात याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे पांढरा कोट पाहून चढणारं बीपी. इटलीतले डॉक्टर ज्युसेप्पे मांचिया आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८३ साली एक अभ्यास छापला होता, त्यात भरती असलेल्या पेशंटच्या धमनीत बारीक नळी टाकून बीपी सतत मोजत ठेवलं आणि मग डॉक्टरला खोलीत पाठवलं. पहिल्या चार मिनिटांतच वरचा आकडा सरासरी २७ नी आणि खालचा १५ नी वर गेला, आणि दहा मिनिटं होता होता बराच खाली आला. चार वर्षांनी त्यांनीच पुन्हा पाहिलं तर डॉक्टरऐवजी नर्स गेली की ही वाढ जवळपास निम्मीच होत होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या ओपीडीची लाइन डोळ्यांसमोर आली. पेशंट एसटीतून उतरून उन्हात चालत येते, चिठ्ठीसाठी उभी राहते, मग तासभर बाकावर, नाव पुकारलं की धावत आत, आणि बसल्या बसल्या आम्ही पट्टा बांधतो. म्हणजे बीपी सगळ्यात वर असतं नेमकं तेव्हाच आम्ही मोजतो आणि तोच आकडा केसपेपरवर लिहितो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः हे केलंय. एक आजोबा आले, बीपी १७० च्या वर, बाहेर गर्दी होती, मी एका रीडिंगवर दोन गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी मुलगा सांगायला आला की पहाटे खाटेवरून उठताना चक्कर येऊन ओसरीत पडले आणि मनगट मोडलं. तेव्हा घरी जाऊन मोजलं तर वरचा आकडा १०४. त्यांना गोळ्यांची गरजच नव्हती, त्यांना पाच मिनिटं बसू द्यायची गरज होती. तेव्हापासून फार जास्त आकडा नसेल किंवा त्रासाची लक्षणं नसतील तर एकाच वेळच्या मोजणीवर मी गोळी सुरू करत नाही.

आता तुमच्या कामाचं. नुसतं आशाताईच्या एका १२८ वर डोळ्यांचे डॉक्टर विश्वास ठेवणार नाहीत आणि ठेवूही नये, म्हणून सात दिवसांची वही करा. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन कुणाकडून मागून घ्या किंवा आशाताईला, उपकेंद्रातल्या सीएचओला, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला सांगा. सकाळी चहा आणि गोळ्यांच्या आधी दोनदा, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा, दोन मोजण्यांमध्ये एक मिनिट थांबायचं, आणि जो आकडा येईल तो तारखेसकट लिहायचा, वाईट आला तरी लिहायचा. पहिला दिवस सोडून बाकी सहा दिवसांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ला बीपी जास्त म्हणतात, पण घरच्या मोजणीत ती रेघ १३५/८५ ची असते, कारण घरी माणूस मोकळा असतो. सरासरी याच्या आत आली तर आईचं बीपी मुख्यतः भीतीचं आहे असं धरता येईल. वर आली तर भीती अधिक खरं बीपी, दोन्ही आहे, आणि मग गोळी लागेल.

मोजताना खुर्चीला पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीवर सपाट, मांडी किंवा पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आपल्याकडे बाजेवर बसून हात लोंबता ठेवून मोजतात, त्यानं आकडा वाढतो. पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजची बाही किंवा स्वेटरवर नाही. आई अंगानं भरलेली असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा जाड दंडावर आवळला की आकडा उगाच जास्त येतो. लघवी तुंबलेली असेल तरी येतो, आणि बाया दवाखान्यात संडास-बाथरूम कुठं आहे हे विचारायला लाजतात, सकाळपासून धरून बसतात, तुम्ही आधीच नेऊन आणा. अर्धा तास आधी चहा नाही, आणि खर्रा, तंबाखू, मिसरी यातलं काहीच नाही. हे खास सांगते कारण मन शांत व्हावं म्हणून लोक बाकावर बसून खर्रा घोटतात आणि तंबाखूतल्या निकोटीननं बीपी तिथल्या तिथं चढतं. मोजणं सुरू असताना बोलायचं नाही, गप्पा मारल्या तरी दहा-एक आकडे वाढू शकतात. आणि सोबत आलेल्यांनी मशीनच्या आकड्याकडे वाकून वाकून पाहायचं नाही.

श्वासाचा एक उपाय कामी येतो, पण तो घरी आठ दिवस आधीपासून करायला हवा, ऐनवेळी शिकवलं तर त्याचंच टेन्शन येतं. नाकानं मनात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सात मिनिटं. श्वास रोखून धरायचा नाही, पोट आवळायचं नाही. तुमची आई हरिपाठ किंवा जप करत असेल तर त्याच लयीत करू द्या, तिला ते आकडे मोजण्यापेक्षा सोपं जाईल.

मागच्या पावसाळ्यात एक बाई आली होती, पन्नाशीची, पदराच्या टोकात बसचं तिकीट गुंडाळून धरलेलं. पट्टा आवळायला लागला तशी तिची मूठ एवढी घट्ट झाली की नखं तळहातात रुतली, रीडिंग १६८. मी पट्टा सोडला आणि विचारलं की बाई हा आवळला की काय आठवते. थोडा वेळ खाली पाहत होती, मग म्हणाली, यायले असाच पट्टा बांधला होता, मंग ते बोललेच नाही. नवऱ्याला लकवा मारला होता, त्याच दिवशी गेला. मी मशीन तिच्या हातात दिलं, माझ्याच दंडाला पट्टा बांधायला लावला, रबरी फुगा तिनंच दाबला, काटा वर चढताना पाहिला, मग हवा सोडली तसा खाली येताना पाहिला. मी बोलतच होते, हसत होते, मला काही झालं नाही. वीस मिनिटांनी तिचा तिनं हात पुढं केला, १४२. एवढा वेळ प्रत्येक पेशंटला देता येत नाही हे मला माहीत आहे, पण ज्याला लागतो त्याला द्यावाच लागतो, आणि आईला कशाची भीती आहे हे तुम्ही घरी निवांत विचारू शकता. तिच्या बाबतीत कदाचित डोळाच जाईल ही भीती असेल.

ऑपरेशनचं असं आहे की मोतीबिंदूत डोळा बधिर करतात, पूर्ण भूल सहसा देत नाहीत, त्यामुळे माणूस जागा असतो. बीपी खूप वर असेल तर डोळ्यात रक्तस्राव व्हायची भीती असते, म्हणून डॉक्टर पुढे ढकलतात, त्यांनी तुम्हाला उगाच परत पाठवलं नाही. बऱ्याच ठिकाणी १८०/११० च्या वर थांबतात, काही ठिकाणी त्याच्या खालीही थांबतात. तुम्ही वही घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा, त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या की घरच्या मोजणीची सरासरी अमुक आहे. ती चिठ्ठी ऑपरेशनच्या दिवशी नाही, आधीच्या तपासणीलाच द्या आणि विनंती करा की आईला आधी बसू देऊन, थोड्या थोड्या वेळानं तीनदा मोजा. त्या दिवशी सकाळची कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे त्यांनाच विचारा, शेजारच्या बाईच्या गोळ्यांतली एक देऊन आणू नका, हे मी पाहिलंय म्हणून लिहिते.

आणि बीपी फक्त भीतीचंच निघालं तरी वही फेकू नका. अशा लोकांमध्ये पुढं जाऊन खरं बीपी होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, म्हणून वर्षातून एकदा तरी पुन्हा सात दिवस मोजायचं, मीठ कमी, रोज चालणं, तंबाखू बंद.

प्रश्न : मॅडम मी ३८ वर्षाचा आहे, मागच्या महिन्यात चेकअपमध्ये १४८ आला तेव्हापासून मनगटावर बांधायची मशीन घेतली. दिवसातून दहा-बारा वेळा पाहतो, रात्री जाग आली तरी पाहतो. कधी ११८ कधी १५२. झोप उडाली आहे. मशीन खराब आहे का?
(घाटंजी तालुका, यवतमाळ)

उत्तर : भाऊ, मशीन कदाचित ठीक असेल, पण मनगटाच्या मशीनमध्ये हात थोडा खाली-वर झाला तरी आकडा बदलतो, म्हणून मी दंडाचीच घ्यायला सांगते. आणि बीपी ही काही पाटीवर लिहिलेली उंची नाही, ते दिवसभर हलतं. झोपेत कमी होतं, पहाटे उठताना वाढतं, जिना चढलं, भांडण झालं, कापसाचा भाव ऐकला की वाढतं, आणि मोजायच्या आधीच आज किती येईल या धास्तीनं बसलात तरी वाढतं. जास्त आला म्हणून लगेच पुन्हा, पुन्हा जास्त म्हणून आणखी एकदा, हा फेरा तुम्ही स्वतः सुरू केलाय. सात दिवस वर सांगितल्यासारखं सकाळ-संध्याकाळ मोजा, मग मशीन कपाटात टाका, किल्ली घरच्यांकडे द्या आणि वही घेऊन डॉक्टरकडे जा. रात्री उठून पाहणं आजपासून बंद. शहरात चोवीस तास दंडाला लावून ठेवायचं मशीन मिळतं, ते दर अर्ध्या-एक तासानं आपोआप मोजतं, झोपेतही, गरज वाटली तर डॉक्टर त्यासाठी पाठवतील. आणि झोप उडणं, सतत छातीत धडधड, कामात मन न लागणं हे दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर ती गोष्ट सुद्धा डॉक्टरला सांगा, चिंतेवर वेगळा इलाज असतो आणि तो घेण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : सून सातव्या महिन्याची गरोदर आहे. तपासणीत बीपी १४६/९४ निघाला. ती दवाखान्याला लहानपणापासून घाबरते, म्हणून आम्ही म्हटलं पुढच्या महिन्यात पाहू. बरोबर आहे ना?
(आरमोरी तालुका, गडचिरोली)

उत्तर : काकू, नाही. हे वाचून होताच तिला घेऊन निघा. गरोदरपणात वीस आठवड्यांनंतर १४०/९० किंवा वर निघालेलं बीपी भीतीच्या खात्यात टाकायचंच नाही, ती कितीही घाबरट असू द्या. पुन्हा बीपी मोजायचं, लघवीत प्रोटीन तपासायचं, रक्त तपासायचं, हे सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले भीतीचं आहे तर भीतीचं. डोकं खूप दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमकल्यासारखं होणं, पोटात वरच्या बाजूला दुखणं, तोंडावर सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट पाहू नका, १०८ ला किंवा १०२ ला फोन करा. झटके यायला लागले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

प्रश्न : मी हाडकुळा माणूस आहो, ५४ वर्षे, शेतात राबतो, घरची ज्वारीची भाकर खातो. घरी मोजला तरी १५२-१५४ येते. डॉक्टर म्हणतात गोळी घ्या. मले वाटते हा पण भीतीचाच असन. गोळी एक वेळ चालू केली तं जन्मभर सुटत नाही म्हणतात.
(तिरोडा तालुका, गोंदिया)

उत्तर : दादा, तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. स्वतःच्या घरात, निवांत बसून १५२ येत असेल तर तिथं कोणता पांढरा कोट आहे? हे खरं बीपी आहे. हाडकुळ्याला बीपी होत नाही हा आपल्याकडचा फार जुना समज. गांधीजींचं वजन १९३९ मध्ये ४७ किलोच्या आत होतं, जेवण साधं, चालणं रोजचं, आणि तरी १९४० च्या फेब्रुवारीत त्यांचं बीपी २२०/११० नोंदलेलं आहे, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०१९ मध्ये त्यांच्या तब्येतीच्या या नोंदी छापल्या. वय, घराण्यातला कल, मीठ, तंबाखू, किडनीचा त्रास, कारणं बरीच असतात आणि पुष्कळदा एकच असं बोट ठेवता येत नाही.

भाकरीसोबत काय खाता ते लिहिलं नाही. लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ, ठेचा हे सगळं धरून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आणि कंबर-गुडघ्यासाठी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या रोज घेत असाल तर ते डॉक्टरला सांगा, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं. गोळी जन्मभर लागते ती गोळीची सवय लागते म्हणून नाही, बीपी जन्मभर राहतं म्हणून. सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात. मनानं सुरू करायची नाही तशी मनानं बंदही करायची नाही. १८०/१२० च्या वर आकडा आला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा, तरी तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, जीभ जड होणं यातलं काही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, सरळ १०८.

प्रश्न : मी आशा आहे. बीपी मोजायला घरोघरी जाते तर लोक मलाच पाहून घाबरतात, म्हणतात तू आली म्हणजे काही तरी निघन. काय करू?
(मूल तालुका, चंद्रपूर)

उत्तर : ताई, तुम्ही हे विचारलं याचा फार आनंद झाला. गेल्या गेल्या मशीन काढू नका. पाणी प्या, बसा, बाकीची नोंद आधी करा, त्यांच्या गाईचं, पोरीच्या परीक्षेचं विचारा, आणि मग पाच मिनिटं दोघांनीही गप्प बसायचं. अंगणात पाच-सात जणी गोळा होतात आणि सगळ्यांसमोर आकडा पुकारला जातो ते टाळा, एकेकीला आत न्या. पहिलं रीडिंग जास्त आलं तर पट्टा सोडा, एक मिनिट थांबून दुसरं घ्या, गरज वाटली तर तिसरं. तुमच्या तोंडून बापरे किंवा अगो बाई निघालं की पुढचं रीडिंग वाढलंच म्हणून समजा. आकडा दिसला की आधी वहीत लिहा, पेन ठेवा, मग त्यांच्याकडे पाहून सांगा की थोडा जास्त वाटते, परवा याच वेळेला मी परत येते, तोवर चहा नेहमीसारखाच घ्या, आणि परवा खरंच त्या वेळेला जा.